सुधाकाकूंची तळ्यांची फेरी

सुधाकाकू देवस्थळींनी सायकलच्या हेल्मेटला मागून भोक पाडून घेतलं होतं. अंबाड्यासाठी.

आधी त्या हेल्मेट घेऊन सायकलच्या दुकानात गेल्या होत्या. तिथल्या चिनी म्हाताऱ्याने अंबाड्याकडे पाहिलं, हेल्मेटकडे पाहिलं आणि मान हलवत सिंगापुरी इंग्रजीत म्हणाला, "कॅनॉट लाह, आंटी. सेफ्टी गॉन." काकू घरी आल्या, गॅसवर सुरी तापवली आणि दहा मिनिटांत काम उरकलं. "आत नुसता थर्माकोल तर असतो," त्या मला म्हणाल्या. "आणि पडलेच, तर अंबाडा आहे की. इतकी जाड गादी कुठलं हेल्मेट देणार?"

नव्वदीच्या मध्यावर मी पुण्याहून सिंगापूरला नोकरीला आलो. ऑफिस क्वीन्सटाउनला, भाड्याचं घर बुकित पंजांगला, चौथ्या मजल्यावर. सामान अजून खोक्यांत होतं, तेवढ्यात शेजारचं दार उघडून पन्नाशीच्या एक बाई आल्या. दुसरं कुणी असतं तर चहाचं विचारलं असतं. काकूंनी विचारलं, "सायकल येते का?"

पुण्याच्या माणसाला हा प्रश्न! मी जरा ताठ्यातच म्हणालो, "काकू, मी शाळेत, कॉलेजात, सगळीकडे सायकलवरच गेलो."

"छान. मग रविवारी साडेसहाला खाली ये. बायकोलाही आण. पाणी बघायला जायचंय."

कसलं पाणी, हे विचारायच्या आत दार बंद झालं होतं.

ते पाणी म्हणजे तळी. सिंगापूर म्हटलं की लोकांना उंच इमारती आठवतात. पण आमच्या घरापासून उत्तरेला तासभर सायकल मारली की क्रांजीचं मोठं तळं लागायचं. त्याच्या बांधावरून पलीकडे गेलं की लिम चू कांगची शेतं, ऑर्किडचे मळे, कोंबड्यांची खुराडी आणि दोन्ही बाजूंनी झाडी असलेला निर्मनुष्य रस्ता. मधूनमधून झाडीतून पाणी चमकायचं. काकू या सगळ्याला मिळून 'तळ्यांची फेरी' म्हणत. दर रविवारी आम्ही चार-पाच मराठी मंडळी त्यांच्या मागे असायचो. सगळ्यांत पुढे सलवार-कमीज, पायांत कॅनव्हासचे बूट आणि हेल्मेटमधून बाहेर डोकावणारा अंबाडा.

चढाला त्या चढ म्हणत नसत. सिंगापूरमधल्या यच्चयावत चढांना त्यांच्या भाषेत एकच शब्द होता. माझी बायको मीनल धापा टाकत उतरली, की पुढून हाक यायची, "अगं, उंबरठा आहे तो! उंबरठ्याला कुणी उतरतं का?" काकूंचं माहेर वाईचं. पसरणीचा घाट बघत वाढलेल्या बाईपुढे आम्ही काय बोलणार?

नकाशे त्या स्वतः काढायच्या, कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर. त्यांत रस्त्यांची नावं नसत, अंतरं नसत. "पिवळं कुत्रं, इथे पॅडल जोरात मारा." "काळं कुत्रं, गरीब आहे." "इथे वारा समोरून येतो, बोलू नये." मला त्यांनी स्वतःच्या हाताने एक नक्कल करून दिली होती, आणि खरं सांगतो, सरकारी नकाशापेक्षा ती कितीतरी उपयोगी होती. कुत्री अगदी लिहिल्या जागी असायची. पिवळं अंगावर धावून आलं की काकू पॅडल न थांबवता ओरडत, "बंड्या, गप रे!" आणि ते चिनी शेतकऱ्याचं कुत्रं शेपूट हलवत मागे फिरायचं. तीच हाक एकदा मी मारून पाहिली. पुढचा अर्धा किलोमीटर मी आयुष्यात कधी गेलो नव्हतो एवढ्या वेगाने गेलो.

नकाशा चुकला तो एकदाच. एका नव्या रस्त्याने काकूंनी आम्हाला थेट लष्कराच्या हद्दीशी नेऊन उभं केलं. समोर लाल पाटी. पाटीवर बंदूक घेतलेला एक शिपाई आणि हात वर केलेला एक माणूस. आम्ही सगळे गार. काकूंनी चष्मा सारखा करून पाटी नीट न्याहाळली आणि म्हणाल्या, "त्याच्याकडे सायकल नाहीये, बघितलंत? चालत आलेल्यांसाठी आहे ही." तरी आम्ही त्यांना मागे वळवलंच.

त्यांचे यजमान जहाजावर चीफ इंजिनियर होते. सगळे त्यांना चीफ म्हणत, काकूसुद्धा. वर्षातले आठ-नऊ महिने चीफ समुद्रावर. कुठल्या तरी बंदरातून फोन यायचा, तो काकू उभ्यानेच घ्यायच्या आणि आवाज पार तिथवर पोचला पाहिजे अशा ओरडून बोलायच्या. त्यामुळे चीफ कुठे आहेत हे आमच्या अख्ख्या मजल्याला ठाऊक असे. "निवृत्त झाले ना, की त्यांना फेरी दाखवायचीय," असं त्या अधूनमधून म्हणत.

मी आल्यानंतर दोन वर्षांनी चीफ कायमचे घरी आले. उंच, कमी बोलणारे, घड्याळाबरहुकूम जेवणारे. पहिल्या शनिवारी काकूंनी सगळ्यांना शिऱ्याला बोलावलं आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "चीफ, उद्या तुम्हाला पण सायकल. बघून ठेवलीय मी. पाणी बघायला जायचंय."

चीफनी बशीतून मान वर केली. "पाणी? तीस वर्षं दुसरं काय बघितलं मी?"

सगळे हसले. काकूही हसल्या. मग त्या आणखी शिरा आणायला आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला आम्ही खाली उभे होतो. काकू आल्या नाहीत. त्या पुढच्या रविवारीही नाही. विचारलं तर म्हणाल्या, "घरात माणूस आहे आता. स्वयंपाक असतो." काकूंशिवाय फेरी म्हणजे काय, दोन रविवार आम्ही गेलो, बंड्याने आम्हाला पळवलं, आणि मग बंदच पडली. काकूंची सायकल कॉरिडॉरमध्ये जुन्या चादरीखाली उभी होती. मीनल म्हणायची, "शेजारून पूर्वी एकट्या काकूंचा आवाज यायचा. आता दोघं आहेत, तर कुणाचाच येत नाही."

महिनाभराने एका संध्याकाळी चीफ माझ्या दारात उभे. काकू देवळात गेल्या होत्या. चीफच्या हातात कॅलेंडरच्या पानांचा गठ्ठा होता.

"हे तुला माहीत आहे?"

काकूंचे नकाशे होते. मूळ प्रती, सहा-सात वर्षांच्या. कुत्री होती, वारा होता. पण माझ्या नकलेत नव्हतं असंही काही त्यांत होतं. जागोजागी निळ्या शाईत बारीक अक्षर. 'इथे चीफना पाणकोंबड्या दाखवायच्या.' 'या बाकावर बसून डबा. चीफना ऊन सोसत नाही, सावली नवापर्यंतच.' 'इथून पलीकडचं मलेशिया दिसतं. चीफ जहाजाने इथूनच गेले असतील का?' त्या शेवटच्या ओळीखाली निरनिराळ्या शाईत तीन वर्षांच्या तारखा होत्या.

चीफ कॉरिडॉरच्या कठड्याला टेकून उभे राहिले. "अविनाश, त्या दिवशी मी जे बोललो ना, ते पाण्याबद्दल नव्हतं रे." मग घसा साफ केला. "मला सायकल येत नाही. खाडीकाठचं गाव आमचं, जिथे जायचं तिथे होडीने. तिथून थेट जहाजावर. सायकलची कधी वेळच आली नाही. चार लोकांत हे कसं सांगायचं?"

"काकूंना सांगायचं."

"तिला तर मुळीच नाही. तू शिकव. पण तिला कळता कामा नये."

अशी आमची शाळा सुरू झाली. रोज सकाळी सात वाजता, इमारतीमागच्या कार पार्कमध्ये, माझ्या सायकलवर. चीफ घरी सांगायचे, फिरायला चाललोय. मी मागून सीट धरून पळायचो आणि चीफ पुढून हुकूम सोडायचे, "सोडू नकोस! सोडलंस का? सांगून सोड!" अख्ख्या जहाजाची यंत्रं तळहातावर खेळवलेला माणूस, पण हँडल असं आवळायचा की ते मोडून हातात येईल असं वाटावं. चौथ्या दिवशी ते वळणावर कुंपणाच्या झुडपात गेले. सहाव्या दिवशी गुडघा चांगलाच सोलवटला. शाळेत निघालेली एक चिनी मुलगी थांबून म्हणाली, "अंकल, डोन्ट लुक डाऊन, लुक फ्रंट लाह." चीफ तिला म्हणाले, "येस, मॅडम."

त्याच दिवशी ऑफिसला निघताना काकूंनी मला लिफ्टपाशी गाठलं. हातात मलमाची ट्यूब.

"हे त्यांना दे. तुझं म्हणून दे."

मी गडबडलो. "कुणाला, काकू?"

"अरे, स्वयंपाकघराची खिडकी कार पार्कवर उघडते. पहिल्या दिवसापासून बघतेय." त्या हळू आवाजात बोलत होत्या, आणि तसं बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकत होतो. "इतकी वर्षं ते मला पैसे पाठवत आले, साड्या आणत आले. पण माझ्यासाठी म्हणून पडताना मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. त्यांना सांगू नकोस हं मला माहीत आहे. आणि घाई नको करूस. शिकू दे सावकाश."

दुसऱ्या दिवशी मी चीफना मलम दिलं. कार पार्कच्या कठड्यावर बसून त्यांनी गुडघ्याला लावलं आणि मला म्हणाले, "मीनलला थँक्स सांग."

"सांगतो," मी म्हणालो.

त्या सकाळी चीफ पहिल्यांदा कुणी न धरता कार पार्कच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. मी वर पाहिलं. चौथ्या मजल्याच्या खिडकीतून कपडे वाळत घालायची बांबूची काठी बाहेर निघाली होती आणि काकू तिच्यावर एक टॉवेल वाळत घालत होत्या. घालायच्या, काढायच्या, झटकायच्या, पुन्हा घालायच्या. तो एक टॉवेल वाळत घालायला त्यांना अर्धा तास लागला.