शैलाबाईंच्या नंबराची बखर

श्रीरेंजदेवी प्रसन्न असो, बोलता बोलता आवाज तुटू न देवो, आणि ऐकणाऱ्याची बॅटरी शेवटपर्यंत टिको. शके एकोणीसशे शेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, मार्गशीर्ष मास. संवत्सराचे नाव क्रोधी आणि माणसेही तशीच, सबब पुढे जे घडले त्याचे नवल कोणी करू नये. राज्याचे नाव लिहीत नाही. दोन खोल्या, वर पत्रा, पुढे पिठाची गिरणी, एवढा मुलूख. गादीवर हणमंतराव. गिरणी भरात चालू असली तरी तिच्यावर आवाज त्यांचाच, ऐसा प्रताप. त्यांच्या राणीसाहेब शैलाबाई, शिवणयंत्रावर बसून तयार नऊवारी शिवीत, म्हणजे पायजम्यासारखी पाय घालून चढवायची ती. कन्या सिद्धीराजे, बारावीच्या. आणि हणमंतरावांचे वडील तात्यामहाराज, यांजकडे बटणांचा फोन, तो ते फक्त उचलीत, लावीत कधी नसत. भिंतीपल्याड दुसरे राज्य, हणमंतरावांच्या थोरल्या भावाचे. तेथील राणी नंदाबाई, शैलाबाईंची थोरली जाऊ. पाच वर्षांमागे गिरणी सुरू झाली तेव्हा हणमंतरावांनी जेवण घातले आणि थोरल्या घराला दुसऱ्या पंगतीला बसवले, आणि दुसऱ्या पंगतीपर्यंत बासुंदी संपली. नंदाबाईंनी पातेले खरवडल्याचा आवाज ऐकिला, आणि पानावरून उठल्या त्या उठल्याच. तेव्हापासून दोन्ही राज्यांत बोलणे बंद. मात्र भिंत एकविटेची, अलीकडचे बोललेले पलीकडे ऐकू जाई, आणि पुष्कळदा तेवढ्याचसाठी बोलले जाई.

ऐसे असतां रिचार्जाचे भाव चढले. चौघांचे चार रिचार्ज, चारांच्या चार तारखा, एकाचा संपला की दुसऱ्याचा. हणमंतराव एके सकाळी चहाचा कप आपटून गर्जले, "आजपासून एक घर, एक प्लॅन, एक बिल! सिद्धे, सगळ्या कंपन्यांचं काढ. बघू कोण किती लुटतंय." मग दरबार भरला. सिद्धीराजे मोबाईल घेऊन मध्ये बसल्या, तात्यामहाराज खाटेवर, शैलाबाई यंत्रावर, कारण शाळांच्या गॅदरिंगचे दिवस, नऊवारींचा ढीग पडलेला, पाय थांबवायला सवड नाही. त्या काळी मुलखात तीन बादशाह्या नांदत, सूर्यछाप, मोरछाप आणि हत्तीछाप. सिद्धीराजे म्हणाल्या, "पप्पा, मोरछाप सगळ्यात स्वस्त. तीन नंबर घेतले की चौथा फुकट." हणमंतराव मिशीत हसले. सिद्धीराजे म्हणाल्या, "पण त्याची रेंज आपल्याकडे फक्त मोरीच्या दारात येते." तात्यामहाराज बोलिले, "मग मी काय बादलीवर बसून बोलू व्हय?" मोरछाप तेथेच बुडाली. मग हत्तीछाप निघाली. तिचा डेटा सामाईक, एका रांजणातून चौघांनी प्यायचा. हणमंतरावांनी लेकीकडे पाहिले, लेकीने छताकडे पाहिले. "ही एकटी चार दिवसांत रांजण पालथा घालंल," ऐसे हणमंतराव बोलिले आणि सिद्धीराजे फणकारल्या, "आणि तुम्ही ते कुस्त्यांचे व्हिडिओ बघता रात्रभर, ते काय हवेवर चालतात?" तेव्हा हत्तीछापही मागे सारली. राहिली सूर्यछाप. चौघांचे नंबर आधीपासून तिचेच, हलायचे नाही, बदलायचे नाही, ज्याचा डेटा त्याला, एका तारखेला एक बिल, आणि महिन्याकाठी साडेतीनशे वाचणार. हणमंतरावांनी मांडीवर थाप मारिली. मसलत ठरली. शैलाबाईंना कोणी विचारले नाही, आणि त्यांनाही त्यात विचारण्याजोगे काही दिसले नाही. बिल कोणाचे का असेना, नंबर आपला आपल्यापाशी आहे, इतकेच त्यांच्या मनात.

मग गुरुवारी सकाळी स्वारी सूर्यछापाच्या दुकानी गेली. मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार, शैलाबाईंना उपास, घरी लक्ष्मीचा घट मांडून त्या निघालेल्या. दुकानी अल्ताफ म्हणून कारभारी होता, दाढी कोरलेली, बोटे कीबोर्डावर पळती. त्याने तीन नंबर टाकिले, हिरवी खूण आली. चौथा शैलाबाईंचा टाकिला आणि त्याची बोटे थांबली. तो म्हणाला, "काका, चारही नंबर एका नावावर लागतात. तुमचे तीन तुमच्या नावावर आहेत. हा मावशींचा तुमच्या नावावर नाही." हणमंतराव म्हणाले, "मग कुणाच्या?" अल्ताफ म्हणाला, "नंदाबाई म्हणून आहे कुणीतरी. त्यांनी इथं येऊन सोडला तरच निघंल. आणि त्यांनी मनात आणलं तर बंद पण करू शकतात. मालक त्याच आहेत."

तेव्हा शैलाबाईंना सगळे आठवले. सात आठ वर्षांमागची गोष्ट, दोन्ही राज्यांत गोडी होती तेव्हाची. बाजारात छत्री लावून एक पोरगा फुकट सिम वाटीत होता. शैलाबाईंच्या आधारावर अजून माहेरचे नाव, ते चालेना. तेव्हा नंदाबाईंनी पुढे होऊन दोनदा अंगठा लाविला आणि एक सिम त्यांच्या हातावर ठेवून म्हणाल्या होत्या, "घे गं, एक तुला. आईला फोन कर." तेव्हापासून तो नंबर. ब्लाऊजाला काजे करण्यापासून वाढत वाढत सात शाळा आणि दोन लेझीम पथके त्या नंबरावर जोडली. शाळेतल्या बाई बदलून गेल्या तर नव्या बाईंना तोच देऊन जात. दुकानाची पाटी नाही, दुकानच नाही, जे काय आहे ते हे दहा आकडे. ते दुश्मनाच्या मुठीत, आणि आपल्याला पत्ता नाही!

हणमंतराव लाल झाले आणि बोलिले, "त्या बाईच्या दारात मी मेलो तरी जाणार नाही. अल्ताफ, नवा नंबर दे हिला. चार चोळ्या शिवायला काय सोन्याचा नंबर लागतो काय?" दुकानात तिघे चौघे उभे होते, त्यातला एक हसला. शैलाबाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "अहो, सगळ्या शाळांकडं हाच आहे." हणमंतराव म्हणाले, "मग मेसेज टाक सगळ्यांना. आजकाल सगळेच बदलतात." सिद्धीराजे मध्ये पडल्या, "पप्पा, मेसेज कोण वाचतंय? फोन लागला नाही की ती लोकं दुसरा टेलर बघतात." "तू गप!" ऐसा हुकूम झाला. मग हणमंतराव अल्ताफास म्हणाले, "उद्या दुपारपर्यंत दुसरी काही वाट निघती का बघतो. नाहीतर नवा काढ, आणि जुना गेला खड्ड्यात." शैलाबाई परत येताना सारा रस्ता बोटांवर शाळा मोजीत आल्या.

संध्याकाळ झाली. शेवटच्या गुरुवारी सवाष्णींना हळदीकुंकू द्यायचे, आणि कुंकू लावायला आलेल्या बाईला दारातून परत धाडीत नाहीत, मग भांडण कितीही जुने असो. हा मार्ग शैलाबाईंनी भात लावताना हेरिला. हणमंतराव गिरणीवर, तात्यामहाराज खाटेवर. शैलाबाईंनी करंडा उचलिला. तात्यामहाराज डोळे न उघडता बोलिले, "पल्याड चाललीस? मी झोपलोय बरं का, मला काय दिसलं नाही." शैलाबाई भिंतीला वळसा घालून गेल्या. पन्नास पावलेही नसतील. दार नंदाबाईंनीच उघडिले. करंडा पाहिला. या म्हणाल्या नाहीत, जा म्हणाल्या नाहीत, डोक्यावर पदर घेऊन कपाळ पुढे केले. शैलाबाईंनी हळद लाविली, कुंकू लाविले, चिमूट मोठी झाली, थोडे नाकावर सांडले. नंदाबाई नाक पुसून म्हणाल्या, "पाच वर्षांचे गुरुवार गेले, आज बरं कुंकू सापडलं. काम काय काढलंस?"

शैलाबाईंनी सांगितले. एका दमात, मधले काही न गाळता, चार चोळ्यांचे बोलणेही. नंदाबाई ऐकून म्हणाल्या, "मला ठावं आहे तो माझ्या नावावर आहे ते. आमचं पोरगं दोनदा म्हणालं, आई, तुझ्या नावावर एक जास्तीचं सिम आहे, बंद करून टाकू." शैलाबाई म्हणाल्या, "मग?" "मग काय? टाकलं असतं तर तू आज माझ्या दारात आली असतीस का?" शैलाबाईंना यातले बरे कोणते आणि वाईट कोणते ते कळेना. त्या म्हणाल्या, "अक्का, उद्या दुपारी दुकानात याल?" नंदाबाई म्हणाल्या, "भातुकलीचा खेळ वाटला काय तुला? ज्यानं मला दुसऱ्या पंगतीला बसवलं त्याच्या बिलात भर घालायला मी उन्हातनं येऊ?" आणि दार लाविले. जोरात नाही, हळूच. ते जोरात लाविले असते तर बरे, ऐसे शैलाबाईंना वाटले. घरी येऊन त्यांनी उपास सोडिला. भिंतीपल्याड भांडी घासल्याचा आवाज येत होता आणि त्या आवाजातून काही समजते का म्हणून त्या कान देऊन बसल्या. काही समजले नाही.

दुसरे दिवशी दुपारी स्वारी पुन्हा दुकानी. अल्ताफाने नवे सिम काढून काचेवर ठेविले. हणमंतराव घड्याळ पाहत, शैलाबाई रस्ता पाहत. इतक्यात शैलाबाईंचा फोन वाजला. कुणा शाळेच्या बाई होत्या. शैलाबाई म्हणाल्या, "हो बाई, मीच. किती? बत्तीस? माप घ्यायला सोमवारी येते... हो, नंबर हाच." हणमंतराव म्हणाले, "बस झालं. अल्ताफ, उघड ते पाकीट." अल्ताफाने पाकिटाला नख लाविले, आणि दारातून आवाज आला, "काय घाई चाललीय?" नंदाबाई उभ्या. कपाळाला घाम, हातात पिशवी, पिशवीत आधार कार्ड. हणमंतरावांनी तोंड फिरविले. नंदाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलेही नाही, सरळ अल्ताफास म्हणाल्या, "पोरा, तो नंबर मला सोडायचाय. माझा अंगठा कुठं पाहिजे?" हणमंतराव भिंतीकडे बघून बोलिले, "माझ्या नावावर कर म्हणावं." नंदाबाई म्हणाल्या, "अल्ताफ, माझी मर्जी लागती का नाही?" "लागते मावशी." "मग लिही. शैलाच्या नावावर. दुसऱ्या कुणाच्या नावावर करायचा असंल तर ही मी चालले, आणि रात्रीपर्यंत तो नंबर बंद."

अल्ताफ अवघडून म्हणाला, "शैलामावशींच्या नावावर केला तर तो काकांच्या प्लॅनमध्ये नाही बसत. चारचे तीन होतात. तिघांना हा दर मिळत नाही." हणमंतराव शैलाबाईंकडे वळले. आवाज आता मोठा नव्हता, आणि म्हणूनच शैलाबाईंना भय वाटले. ते म्हणाले, "ऐकलंस? ती घर फोडायला आलीय. साडेतीनशे रुपये महिन्याचे, वर्षाचे किती होतात बघ. तू फक्त नको म्हण. नवा नंबर घेऊ, चारजण एका बिलात राहू. घरात एकदा ठरलंय ते ठरलंय." शैलाबाई उभ्या राहिल्या. एकीकडे नवरा, एकीकडे जाऊ, काचेवर नवे सिम. जाऊ काही उपकार करीत नव्हती, सूड उगवीत होती, हे त्यांना स्वच्छ दिसत होते. नवराही काही दुष्ट नव्हता, रोज पहाटे उठून गिरणी चालवी. पण कालपासून त्याने एकदाही विचारले नव्हते की त्या नंबरावर कोण कोण फोन करते. आणि पल्याडच्या बाईने पाच वर्षे तो चालू ठेविला होता, कशासाठी का असेना. शैलाबाई म्हणाल्या, "माझ्या नावावर करा. माझं रिचार्ज मी भरीन." हणमंतराव म्हणाले, "शैले!" त्या म्हणाल्या, "ओरडू नका. दुकान आहे."

मग नंदाबाईंचा अंगठा झाला, फोटो झाला. शैलाबाईंची पाळी आली. आधारावर आता सासरचे नाव होते, ते लागले. अल्ताफाने फोन त्यांच्या तोंडासमोर धरून म्हटले, "मावशी, कॅमेऱ्याकडे बघा आणि डोळे मिचकवा." शैलाबाईंनी बघितले. डोळे मिटेनात. दोन दिवस रोखून धरलेले डोळे, ते तसेच ताठ उघडे राहिले. यंत्र म्हणाले, पुन्हा प्रयत्न करा. पुन्हा तेच. हणमंतराव बाहेर पायरीवर जाऊन उभे राहिले. अल्ताफ म्हणाला, "मावशी, मिचकवा, नाहीतर सगळं परत पहिल्यापासून." शैलाबाईंना हसू येईना, रडूही येईना. तेव्हा मागून नंदाबाई बोलिल्या, "मीट की गं डोळे. कोण नाही नेत तुझा नंबर आता." आणि डोळे मिटले, आणि मिटताच दोन थेंब गालावर आले, आणि यंत्राने ते मिचकावणे म्हणून मान्य केले.

शैलाबाई डोळे पुसून वळल्या तर नंदाबाई दाराबाहेर गेलेल्या. त्या चहालाही थांबल्या नाहीत, आणि घरी गेल्या त्या लांबच्या रस्त्याने, म्हणजे बरोबर जाणे नको.

येणेप्रमाणे क्रोधीनाम संवत्सरी, मार्गशीर्ष मासी नंबराचे प्रकरण जाहले. हणमंतरावांच्या बिलात चारांऐवजी तीनच नंबर बसले, तेही महाग दराने. हणमंतराव दोन दिवस घरात बोलले नाहीत, सिद्धीराजे म्हणाल्या ती शांतता छान होती. दोन राज्यांतले बोलणे बंद ते बंदच. तिसऱ्या दिवशी हणमंतरावांनी गिरणीवरून, जेवायला काय म्हणून विचारण्यास, शैलाबाईंना फोन लाविला. तो बिझी लागला. थोड्या वेळाने पुन्हा लाविला. तेव्हाही बिझीच.