जोडून घेतलेली आठवण

यंत्रातलं मला जितकं कळतं, तितकं आमच्या गल्लीत दुसऱ्या कुणालाच कळत नाही. (गल्लीत घरं दोनच आहेत. दुसऱ्याला कुलूप आहे.) शिक्षणाचं म्हणाल तर चौथी दोनदा केली, म्हणजे बेरीज करून आठवी धरायला हरकत नाही. पुढं जन्मभर शिंपीकाम केलं. कापायचं आणि जोडायचं, एवढाच धंदा. त्यामुळं बायकोचा आवाज कापून जोडायची वेळ आली तेव्हा म्हटलं, कापडापेक्षा वेगळं ते काय असणार?

तर बायको. लेकीच्या बाळंतपणाला म्हणून गेली ती तिकडंच रमली. आधी म्हणाली, बाळानं मान धरू दे. मान धरली, तर म्हणाली, बसायला लागू दे. याच चालीनं गेलं तर ती नातवाला नोकरीला लावूनच परत येणार. इकडं माझे हाल. खाण्यापिण्याचे नव्हेत, पोट कसंही भरतं. पण मी पडलो जातीचा खोडकर. तिचा चष्मा लपवायचा, साखरेच्या डब्यात मीठ भरायचं, आणि तिनं कपाळाला हात लावून "अहो, वय काय तुमचं" म्हटलं की माझा दिवस उजाडायचा. आता मीठ भरतो मी आणि चहा बिघडतो माझाच. रागवायला माणूस नसलं की खोडीत काही राम राहत नाही.

फोन करावा तर "ठेवते, बाळ उठलं." टाइप करायचा तिला कंटाळा, म्हणून निरोप बोलून पाठवते. त्यात औषधं, गॅस, खिडक्या, मीठ, सगळं असतं. मी सोडून. ते निरोप मी स्वयंपाकघरात लावून ठेवायचो आणि चहा करता करता भांडायचो. (ती उत्तर देत नसल्यामुळं मी बरेचदा जिंकलो.)

अशात आमचा मेव्हणा आला. याला जगातलं सगळं कळतं, फक्त घरी कधी जायचं ते कळत नाही.

"दाजी, ताई तिकडं मजेत आहे हो. काल तासभर बोललो, तुमचा विषयसुद्धा नाही निघाला."

"मला तर रोज म्हणते, तुमची आठवण येते."

"ताई? आमची ताई?"

"आवाजात पाठवलंय तिनं."

"मग ऐकवा की."

"फोन चार्जिंगला आहे," मी म्हटलं. "पाठवतो तुला."

झालं. आता तो निरोप तयार करणं आलं. सुचलेली बुद्धी माझी, पण अवजार कुठून आणायचं? नाइलाजानं त्यालाच विचारलं, "आवाज कापायचं चांगलं सॉफ्टवेअर कुठलं रे? खोकल्याचं रेकॉर्डिंग डॉक्टरांना पाठवायचंय."

त्यानं एक फुकटातलं सांगितलं. त्यात दर कापणीला जाहिरात. बायकोचं "मला" कापायला गेलो, तर एक माणूस मला टक्कल घालवायचं तेल विकायला लागला. ते काढून टाकलं.

"मग हे घ्या," मेव्हणा म्हणाला. "तासाचं काम चुटकीसरशी. आवाजातला सगळा कचरा आपोआप काढतं."

त्याला तिचा एक लांबलचक निरोप खायला घातला. बाहेर आला तो निम्मा. पातेल्याच्या काठावर चमचा आपटल्याचा आवाज गेला. खाली बसताना ती "हुश्श" करते, ते गेलं. "बरं" म्हणून ती जरा थांबते, आता याला कशावरून बोलावं याचा विचार करते, ते थांबणंही गेलं. बोलत होती बायकोच, पण रेल्वेच्या घोषणेसारखी. मला ज्याची भूक होती, तोच त्याच्या लेखी कचरा होता. कापड कापताना शिलाईसाठी कडेला बोटभर माया सोडावी लागते, हा गडी काठोकाठ कापणारा. असला कारागीर मी दुकानात चहापुरताही उभा केला नसता.

शेवटी तिसरं सापडलं. दिसायला गबाळं आणि चालीला बैल. त्यात आपोआप काहीच होत नाही. आवाजाचे डोंगर दिसतात, कात्री आपण चालवायची. दोन डोंगरांमध्ये जी सपाट जमीन दिसते ना, ती मोठी करून ऐकली तर तिथं तिचा श्वास होता. हेच ठरवलं.

मग शिवायला बसलो. "मला विचारू नका" यातलं "मला" काढलं. "तुमची औषधं फ्रीजवर आहेत" यातलं "तुमची". "मीठ खूप घालता" यातलं "खूप". "गॅसवाल्याला आठवण करा" आणि "खिडकी लावा, धूळ येते" हेही कामी आले. प्रत्येकाला थोडा थोडा श्वास ठेवला. वाक्य उभं राहिलं: मला तुमची खूप आठवण येते. "मला" तावातावानं, "तुमची" वैतागून, "खूप" तोंड वाकडं करून, आणि "येते"नंतर एक शिंक. पण वाक्य तिचं होतं. चहा निवेपर्यंत तेच ऐकत बसलो. मग मेव्हण्याला पाठवलं.

त्यानं ते जपून ठेवावं की नाही? त्यानं घरच्या ग्रुपवर टाकलं. वर लिहिलं, "ताईच्या भावना."

लेकीनं ऐकलं आणि आईचा श्वास असा तुटक का येतोय म्हणून तिला धरून बसवून ब्लडप्रेशर मोजलं. जावई भला माणूस. सासूबाई मनातल्या मनात झुरतायत म्हणून तो परतीची तिकिटं बघायला लागला. लेकीनं हे सगळं मला कळवलं, आणि खरं सांगतो, मी उठून साखरेचा डबा धुऊन खरी साखर भरली.

तेवढ्यात बायकोचा फोन.

"हे मी कधी म्हटलं?"

"आवाज तुझाच आहे की."

"आवाज माझाच आहे. 'खूप' ते मिठाचं आहे आणि शिंक धुळीची. माझे तुकडे मला ओळखता येत नाहीत होय?"

"अगं, गंमत केली जरा."

"गंमत. इथं माझा दंड आवळून लाल झालाय. किती वेळ बसला होता हे करत?"

"फार नाही. ते पहिलं सॉफ्टवेअर जरा..."

"चष्मा लावून बसला होता ना? मान दुखते तुमची वाकून."

मानेवरचा हात मी पटकन खाली घेतला. मागं बाळ काहीतरी बडबडत होतं, पण या वेळी तिनं फोन ठेवला नाही.

"जावई विचारतायत, तिकीट काढू का. मी म्हटलं, थांबा जरा. ज्याला आठवण येतेय त्याला आधी स्वतःच्या तोंडानं सांगू दे. का ते सांगायलाही सॉफ्टवेअर शोधताय अजून?"