बेटावर जायची रजा

एका रविवारी दाढी करता करता त्रुटीकाकांनी ठरवलं, आपण त्या बेटावर जायचं. झालं, तिथूनच सगळं बोंबललं.

त्रुटीकाका ऑफिसात लोकांच्या रजेचे अर्ज तपासायचे. (तपासायचे कसले, त्रुटी काढून परत पाठवायचे. नाव काय उगाच पडलं?) आणि बेट म्हणजे भर समुद्रात राखून ठेवलेलं जंगल. वर्षातून एकच बोट, त्यात फक्त बारा माणसं. परवाना मिळता मिळता तीन वर्षं गेली आणि काकांचे उरलेसुरले केसही गेले.

"अहो, तिथे दुकान नाही, डॉक्टर नाही, माणूस नाही. मग आहे काय?" काकू म्हणाल्या.

"काहीच नाही! तेच तर बघायचंय!"

मग तयारी सुरू. हॉलमध्ये तंबू. आंघोळ एका तांब्यात. काकू पाठीवर विटा भरलेली बॅग घेऊन जिना चढायच्या-उतरायच्या, आणि काका खाली खुर्चीत बसून घड्याळात वेळ मोजायचे. शेजारीण विचारायची, "भांडण झालंय का हो?"

बोट बुधवारी सकाळी. काकांनी रजेचा अर्ज सोमवारी गठ्ठ्यात टाकला. स्वतःचा गठ्ठा, स्वतःचं टेबल, काळजी कसली?

आता काकांची एक खोड होती. अर्जावरच्या नावावर ते फूटपट्टी ठेवायचे. नाव दिसलं की दया येते म्हणे. (काकांना आलेली कुणी बघितली नाही.)

मंगळवारी दुपारी गठ्ठा उपसता उपसता एक अर्ज आला. कारण : बेट बघणे.

काकांचं टाळकं सरकलं. "बेट बघायला आठ दिवस? इथे काय गोट्या खेळायला येतात लोक?" धाड! लाल शिक्का. नामंजूर. शिवाय खाली "कारण पोरकट" असंही खरडलं. मग वहीत नोंद करायला फूटपट्टी उचलली.

काका खुर्चीतच मागे कलंडले. शिपायाला वाटलं, गेले.

धावत साहेबांकडे. "साहेब, चुकून... मीच मला..."

साहेब हसून हसून टेबलावर आडवे. "नवा अर्ज करा, सही करतो. पण नामंजूर झालेला अर्ज त्याच माणसाने परत तपासायचा नाही. हा नियम तुमचाच ना? टायपिस्टबाईंकडे द्या."

टायपिस्टबाईंच्या सख्ख्या बहिणीचं लग्न त्यांच्याविना झालं होतं. काकांनी त्यांचा रजेचा अर्ज तीनदा परत केला होता, शेवटच्या वेळी समास कमी सोडला म्हणून.

बाईंनी अर्ज घेतला. चष्मा पुसला. परत पुसला.

"काका, शाई काळी आहे. निळी लागते ना?"

काकांनी निळ्या शाईत लिहिला.

"घडी पडलीय."

तिसरा लिहिला. घाईत अक्षरं मुंग्यांसारखी पळत होती.

"छान. जोडपत्र कुठंय?"

"बाई, पाया पडतो! तीन वर्षं वाट बघितलीय हो! घरी बॅगा भरून दाराशी ठेवल्यात!"

पाच वाजले. बाईंनी टंकयंत्रावर कापड घातलं, पर्स खांद्याला लावली.

"उद्या या, काका."

"उद्या बोट आहे, बाई!"

"अस्सं? मग परवा या," बाई प्रेमाने म्हणाल्या. "परवा तुम्हाला घाई नसेल."