अठ्ठावीस कलमांचे वाबळे

वाबळ्यांनी मला पहिल्याच भेटीत मैदानाबाहेर काढलं, कारण मी खोकलो.

खोकला तरी केवढा? एप्रिलची धूळ घशात गेली, एकदा ठसका लागला, संपलं. तेवढ्यात कानाशी शिट्टी वाजली. बघतो तर खाकी हाफपँट, डोक्याला करकचून बांधलेला फेटा, आणि पिंजारलेल्या मिशा घेऊन एक गृहस्थ माझ्यावर चालून येताहेत.

"कलम सात! खेळाडूच्या हातात गोळा असताना आवाज! चला, बाहेर!"

"अहो, पण मी खेळत कुठं आहे? मी नुसता बघतोय."

"बघणाऱ्याला पण लागू. कलम सात, पोटकलम दोन. चलो भिया, उठो."

माझे वडील त्याच मैदानात हातात गोळा घेऊन उभे होते. पोटच्या पोराला दंडाला धरून बाहेर काढताहेत, आणि अप्पा मिशीतल्या मिशीत हसताहेत! त्या दिवसापासून वाबळे माझ्या डोक्यात गेले ते गेलेच.

मार्तंडराव वाबळे होळकरांच्या फौजेत जमादार होते. रियासत गेली, मध्यभारत राज्य झालं, फौज मोडली, पण वाबळ्यांच्या अंगातली शिस्त काही विलीन व्हायला तयार झाली नाही. त्याआधी महायुद्धाच्या वर्षांत त्यांना इटालियन कैद्यांच्या छावणीवर पहाऱ्याला धाडलं होतं. तिथं ते कैदी संध्याकाळी लाकडी गोळ्यांचा एक खेळ खेळायचे. आधी एक लहान गोळी लांब टाकायची, मग दोन्ही पक्षांनी आपापले मोठे गोळे टाकायचे. ज्याचा गोळा त्या गोळीच्या सगळ्यांत जवळ, त्याचा डाव. झाला खेळ. एवढ्याशा खेळाला वाबळ्यांनी अठ्ठावीस कलमं लावली होती.

इंदूरच्या मल्हारगंजात एका जुन्या पागेची जागा मोकळी पडली होती. तिथली लीद वाबळ्यांनी स्वतः फावड्यानं काढली, खराद्याकडून शिसवीचे आठ गोळे घडवून आणले, लहान गोळीचं नाव 'पिल्लू' ठेवलं आणि 'मल्हारगंज गोळे-लीग' सुरू केली. पागेच्या दाराला पुठ्ठ्यावर चिकटवलेली नियमावली टांगली. खाली सही: 'मा. वाबळे, संस्थापक, पंच व अंतिम निर्णय'. अंतिम निर्णय हे यांचं पद होतं!

पुढं अप्पांबरोबर मीही खेळायला लागलो, पण ती नियमावली वाचून माझं रक्त उकळायचं. मी सचिवालयातला कारकून. नियम लिहिणं, नियम टिपणं आणि नियमाला बगल देणं हा आमचा पोटापाण्याचा धंदा. पण असले नियम मी सरकारातसुद्धा पाहिले नव्हते. प्रत्येक फेकीआधी पंचानं पिल्लाजवळ जाऊन जमिनीवर तीनदा काठी आपटायची. याला म्हणे 'सलामी'. सलामीनंतर सगळ्यांनी चिडीचूप. गोळा थांबला की पंचानं ओरडून सांगायचं, "पिल्लाच्या अलीकडं दोन हात, उजवीकडं एक वीत!" अरे, आम्हाला डोळे नाहीत का? खेळाडूनं जमिनीत पुरलेल्या फळीला पायाचा अंगठा लावूनच उभं राहायचं. स्वतःचा गोळा स्वतः उचलायचा नाही, विरुद्ध बाजूच्या माणसानं तो आणून, आपलं नाव सांगून, हातात द्यायचा. नाव सांगून! रोज भेटणाऱ्या माणसाला मी रोज सांगायचं, "मी कुलकर्णी, हा घ्या गोळा." आणि कलम एकोणीस: मैदानात 'ग्वाल्हेर' हा शब्द उच्चारू नये.

हे एकोणिसावं कलम तर थेट माझ्यावरच होतं. आमचं सरकार तेव्हा बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडायचं. राजधान्या दोन, उन्हाळ्यात इंदूर, थंडीत ग्वाल्हेर. फायली, कपाटं, टाइपरायटर आणि आम्ही कारकून, सगळे एकाच गाडीत भरून इकडून तिकडं. म्हणजे वर्षातले जवळपास सहा महिने मी घरी नसायचो. बायको, मुलगी आणि अप्पा मल्हारगंजात, मी तिकडं खानावळीत. परत आलो की वाबळे दारातच विचारायचे, "आलात का त्या गावाहून?" मला नावानं कधी हाक मारली नाही. मी म्हणजे 'सेक्रेटरिएट'.

"ए सेक्रेटरिएट, अंगठा फळीला लावा! ही फाइल नाही, कुठूनही सरकवायला."

मी सोडून दिलं असतं हो सगळं. पण प्रश्न अप्पांचा होता. अप्पा शाळामास्तर. आई गेल्यापासून ते घरात नुसते बसून असायचे. बोलणं नाही, चालणं नाही, ताटात वाढाल ते खायचं. या गोळ्यांच्या नादानं ते पुन्हा माणसांत आले. संध्याकाळचा तो एक तास म्हणजे अप्पांचा सगळा दिवस होता. तीन वाजल्यापासून टोपी घालून तयार. आणि तिथं हा जमादार माझ्या वडलांवर गुरकावतो! "मास्तर, अंगठा कुठाय? मास्तर, घाई नको! मास्तर, सलामी ऐकली का?" पाच हजार पोरं शिकवून सोडलेला माणूस, त्याच्या हातात बाळाला खुळखुळा द्यावा तसा गोळा द्यायचा? एकदा तर चक्क खांदे धरून वळवलं त्यांना. मला ते बघवेना. मी ठरवलं, अप्पांना तिथं मानानं खेळता आलं पाहिजे, आणि त्यासाठी ही अठ्ठावीस कलमं चुलीत गेली पाहिजेत.

वाबळ्यांचा सगळा डोलारा एका वाक्यावर उभा होता: "इटलीत असंच खेळून राहिले सगळे." मी कारकून माणूस, पुरावा काढायचा कुठून ते मला बरोबर कळतं. मिशन कॉलेजात शिकवणारे एक म्हातारे पाद्री होते, तरुणपणी इटलीत राहून आलेले. त्यांना गाठलं. कलमं वाचून दाखवली. ते हसून हसून खुर्चीतून घसरायचे बाकी राहिले. म्हणाले, शांतता? अहो, त्या खेळात जेवढी बोंबाबोंब होते तेवढी बाजारात होत नाही. आणि सलामी, नाव सांगणं, फळी, यातलं काही म्हणजे काही तिकडं नाही.

वार्षिक सभा पागेतच भरली. मी उभा राहिलो आणि वाबळ्यांची पार सालटी काढली. कलमामागून कलम वाचलं आणि प्रत्येकापुढं विचारलं, "हे इटलीत आहे? हे आहे?" वाबळे लाल झाले.

"त्या कैद्यांची भाषा तरी येत होती का तुम्हाला?" मी विचारलं.

"नव्हती येत."

"मग नियम कुठून आणलेत?"

"मी केले!" ते गरजले. "मैदान मी साफ केलं, नियम मी केले! काय बिघडून राहिलंय तुमचं?"

"माझ्या वडलांचा अपमान होऊन राहिलाय! त्यांना कुकुलं बाळ समजता तुम्ही!"

वाबळ्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. त्यांचं लक्ष अप्पांकडं गेलं. मला वाटलं, सापडला खिंडीत. मी म्हटलं, घ्या मतं.

लीगमधले सचिवालयाचे आम्ही पाच जण नियम काढण्याच्या बाजूनं. मल्हारगंजातले जुने पाच जण वाबळ्यांच्या बाजूनं. उरले अप्पा. मग त्यांनी हळूच हात वर केला, माझ्या बाजूनं.

माझी छाती फुगली. वाबळ्यांनी उठून पुठ्ठा काढला, काखेत मारला आणि म्हणाले, "मास्तर, जैसी तुमची मर्जी." बस. पागेच्या पायरीवर आमच्याकडं पाठ करून ते बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी आम्ही मोकळेपणानं खेळलो. काय तो गोंधळ! कुणी ओरडतंय, कुणी शेंगा खातंय, कुणी फळी उपटून बाजूला टाकलेली. वाबळे पायरीवर तसेच, पाठमोरे. अप्पांची पाळी आली. मी म्हटलं, "अप्पा, उचला गोळा, टाका बिनधास्त. आता कुणी ओरडणार नाही."

अप्पा वाकले. हात जमिनीवर फिरवू लागले. गोळा त्यांच्या पायापासून हातभर अंतरावर पडला होता, काळाभोर, नारळाएवढा. त्यांचा हात त्याच्या अलीकडूनच परत फिरला. पुन्हा गेला, पुन्हा फिरला. कुणीतरी हसलं. मीही हसलो, देवा, मीही हसलो.

"अप्पा, समोरच तर आहे!"

"हो का?" ते म्हणाले, आणि माझ्या आवाजाच्या दिशेनं मान वर करून हसले. त्यांची नजर माझ्या तोंडावर नव्हती. माझ्या कानाच्या बाजूनं कुठंतरी मागं गेली होती. मग गोळा कसाबसा हाताला लागला, त्यांनी तो टाकला, आणि पिल्लू एकीकडं राहून तो पाण्याच्या माठावर जाऊन आदळला. माठ फुटला.

कुणी हसलं नाही. बायको उन्हाळाभर सांगत होती, अप्पा हल्ली कपबशी चाचपून घेतात. मी म्हणत होतो, वय झालं. पेपर वाचायचं त्यांनी सोडलं, तेव्हा मी म्हटलं, कंटाळले असतील.

"आवाज बंद!"

वाबळे पायरीवरून उठून आले होते. काठी घेऊन तरातरा पिल्लाजवळ गेले, फळी पायानं तिच्या जागी ढकलली आणि काठी तीनदा आपटली, टक, टक, टक. "ए सेक्रेटरिएट! थोबाड बंद ठेवा आणि गोळा आणून द्या. नाव सांगून!"

मी गोळा उचलला. अप्पांच्या हातात दिला. माझ्याच बापाला मी माझं नाव सांगितलं. त्यांनी अंगठ्यानं फळी शोधली, मान तिरकी करून तो टकटकाट आठवला आणि गोळा सोडला.

"पिल्लाच्या पलीकडं चार बोटं!" वाबळे ओरडले. "चार बोटं, मास्तर!" त्यांचा आवाज फाटला होता.

खेळ संपल्यावर मी त्यांना कोपऱ्यात गाठलं. माफी मागायला लागलो तर ते अंगावरच आले.

"मला कशाला माफी मागून राहिलात? एका घरात जेवता न तुम्ही? दोन वर्षं झाली. मी नेलं होतं डॉक्टरकडं. काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येत नाही, बोलला."

"मला का नाही सांगितलंत?"

"मास्तरांनी शपथ घातली. बोलले, पोराला कळलं तर तो मला घरात बसवून ठेवेल, खेळ बंद करून टाकेल. म्हणून केली मी कलमं! एकट्या माणसासाठी नियम केला तर त्याला भीक म्हणतात. सगळ्यांना लावला की कायदा होतो. आणि खबरदार, तुम्हाला कळलंय हे त्यांना कळू द्याल तर!"

मग ते रोजच्यासारखे अप्पांना पोचवायला निघाले. त्यांचं स्वतःचं घर उलट्या दिशेला होतं. इतके दिवस मी समजत होतो, हे आमच्याकडच्या चहासाठी चिकटतात. त्या दिवशी मी चार पावलं मागं राहून चाललो. वाबळे गल्लीभर शिव्या देत होते. "काय हा खड्डा, डाव्या हाताला! म्युनिसिपालटीवाले झोपलेत! आणि ही गाय बघा मास्तर, रस्ता हिच्या बापाचा, अडवून उभी! आता ही नाली, सालं झाकण कुणी नेलं? आणि तुमच्या ओट्याला तीन पायऱ्या! तीन कशाला लागतात हो माणसाला?" अप्पा हसत हसत खड्ड्याला वळसा घालत होते, गाईच्या बाजूनं जात होते, नाली ओलांडत होते. तीन पायऱ्या चढून घरात गेले. वाबळे कपाळावरचा घाम पुसून उलट्या दिशेला चालू लागले. चहाला थांबले नाहीत.

चार दिवसांनी वाबळ्यांना ताप आला. त्यांची चिठ्ठी आली: 'आज मास्तरांना पोचवण्याची ड्यूटी सेक्रेटरिएटची.'

मी अप्पांबरोबर निघालो. रस्त्यावर ओरडायची मला सवय कुठली? ऑफिसात साहेबासमोर माझा आवाज निघत नाही. खड्डा मी हाताला धरून कसाबसा पार करवला. पुढं नाली आली. तोंड उघडीन उघडीन म्हणेपर्यंत अप्पांचा पाय काठावरून घसरला आणि घोट्यापर्यंत आत गेला. मी त्यांना वर ओढलं, आणि मग मात्र माझा स्फोट झाला. म्युनिसिपालटी, झाकण चोरणारा, मंत्री, मी स्वतः, सगळ्यांचा उद्धार केला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी भर रस्त्यात ओरडत होतो.

अप्पांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, शांतपणे चिखलाचा पाय झटकला.

"चांगलं ओरडतोस," ते म्हणाले. "पण वाबळे नालीच्या आधी ओरडतात रे."