बेल वाजल्याशिवाय शाळा सुटत नाही

मुलाला शाळेसाठी तयार कसं करायचं, हे अख्ख्या मन्सूरा शहरात फक्त मला कळतं, अशी माझी परवा-परवापर्यंत पक्की खात्री होती. बाकीचे पालक म्हणजे नुसता आनंद! मुलापेक्षा मोठं दप्तर घ्यायचं, त्यावर अस्वल छापलेलं असलं की झाली तयारी! मग शाळेच्या पहिल्या दिवशी पोरगं फाटकाला पालीसारखं चिकटतं आणि चौघे मिळून त्याला सोडवतात. शेजारच्या इन्शिराहमावशींचा नातू तर एकोणीस दिवस चिकटत होता. एकोणीस! मी मोजले होते. मावशींना रोज विचारायचोही, "काय मावशी, सुटला का आज?" त्या दार आपटायच्या.

आमची लुबना साडेचार वर्षांची. शाळेत मुलाखतीला पंधरा दिवस होते. मी बायकोला, नगवाला, म्हटलं, "तू यात पडू नकोस. मी शास्त्रशुद्ध करतो."

नगवा औषधाच्या दुकानात काम करते. तिला वाटतं, शास्त्र फक्त तिच्याकडेच आहे. ती म्हणाली, "तू? तुला स्वतःचे मोजे सापडत नाहीत, रअफत."

"मोज्यांचा आणि शिक्षणाचा संबंध काय?"

"तेच म्हणतेय मी. तुझा दोन्हींशीही नाही."

मी दुर्लक्ष केलं. मी जमीन नोंदणीच्या कचेरीत अठरा वर्षं खिडकीमागे बसलोय. दाढीवाले, पोटवाले, वकील, सगळ्यांना मी रांगेत उभं करतो. एक साडेचार वर्षांची मुलगी म्हणजे काय मोठं!

आणि सांगतो, सुरुवात झकास झाली. आठ वाजता झोप, सहाला जाग. बुटांचे पट्टे स्वतः लावायचे, डबा स्वतः उघडायचा, बापाच्या आणि आजोबांच्या नावासकट पूर्ण नाव सांगायचं. सगळं आठवड्यात आलं तिला. मग मी मुख्य विषयाकडे वळलो. आईबापापासून दूर राहणं! इथंच भले भले गडगडतात.

मी बैठकीच्या खोलीची शाळा केली. सोफ्यावर सहा बाहुल्या, म्हणजे वर्ग. घराचं दार म्हणजे शाळेचं फाटक. नियम दोनच. पहिला, बाबा बाहेर गेले की वर्गातून उठायचं नाही. दुसरा, दारावरची बेल वाजली की शाळा सुटली, तेव्हाच दार उघडायचं.

"आणि कुणी दार वाजवलं तर?" लुबनानं विचारलं.

"तरी नाही उघडायचं."

"तुम्ही वाजवलं तर?"

इथं मला माझाच अभिमान वाटला. मी म्हटलं, "बाळा, बाबांचा आवाज कुणीही काढू शकतं. फक्त बेल खरी!"

हे ऐकून स्वयंपाकघरातून नगवा म्हणाली, "हिला शाळेत घालायचंय की तुरुंगावर पहारेकरी नेमायचंय?" मी बाहुल्यांची रांग सरळ केली.

पहिल्या दिवशी दोन मिनिटं बाहेर उभा राहिलो. मग पाच. मग दहा. पोरगी रडली नाही, हाक मारली नाही. बेल वाजवली की टुणटुणत येऊन दार उघडायची. मी जिन्यात उभा राहून मावशींच्या बंद दाराकडे दयेनं बघायचो.

मुलाखतीचा दिवस उजाडला. वेळ अकराची. नगवा दुकानात जाऊन सव्वादहाला परत येणार होती. मी रजा टाकलेली. नऊला मी दोन अंडी उकडायला ठेवली आणि दाढी करायला बसलो. उजवा गाल झाला आणि मनात आलं, शेवटची एक तालीम होऊन जाऊ दे! पंधरा मिनिटांची. विक्रमच!

गंजीफ्रॉक, पट्ट्यापट्ट्याचा पायजमा आणि डाव्या गालाला फेस, अशा अवतारात मी बाहेर पडलो. दार ओढून घेतलं. किल्ली आतून कुलपातच होती. असू दे की! बेल आहे ना!

पंधरा मिनिटांनी मी ऐटीत बेल दाबली.

काही नाही.

पुन्हा दाबली. अंगठा पांढरा होईपर्यंत दाबली. जिन्यातला दिवा बघितला. वीज गेली होती!

"लुबना, बाळा, उघड. शाळा सुटली."

आतून गोड आवाज आला, "बेल नाही वाजली."

"वीज गेलीय. बेल वाजणार नाही!"

"मग शाळा नाही सुटणार."

"अगं, मी बाबा आहे!"

"सगळे असंच म्हणतात," लुबना म्हणाली, आणि बाहुल्यांना बजावलं, "कुणीही उठायचं नाही. बाहेर एक माणूस बाबांचा आवाज काढतोय."

मी तोंडानं बेल वाजवली. "ट्रिंऽऽग!"

"ही तोंडाची आहे," आतून निकाल आला.

इतक्यात शेजारचं दार उघडलं. इन्शिराहमावशी! हातात कॉफीचा कप. त्यांनी मला पायापासून फेसापर्यंत न्याहाळलं.

"काय रे रअफत, घरातून काढलं का नगवानं?"

"नाही हो. लुबनाची शाळा चाललीय."

"आणि तुला वर्गाबाहेर उभं केलंय?"

त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला, तो मला अजून दिसतो! पण हसायला वेळ नव्हता. आतून आवाज आला, फट्!

"लुबना! काय झालं?"

"अंडं फुटलं. छताला चिकटलं. इथून दिसतंय."

गॅसवरची अंडी मी पार विसरलो होतो! भांड्यातलं पाणी आटलं होतं. खाली गॅस चालू. आत साडेचार वर्षांची मुलगी, आणि तिला मीच सांगून ठेवलेलं की काही झालं तरी दार उघडू नकोस!

"बाळा, धूर येतोय का?"

"थोडासा. पण वर्गातून उठायचं नाही."

"बरोबर! स्वयंपाकघरात मुळीच जाऊ नकोस! फक्त दार उघड!"

"बेल?"

मावशींनी कप खाली ठेवला. त्यांनी हाक मारून पाहिली. लुबना म्हणाली, "परक्यांशी बोलायचं नाही." मावशी माझ्याकडे वळून म्हणाल्या, "वा! माझा नातू एकोणीस दिवस रडला खरा, पण त्यानं बापाला घराबाहेर नाही ठेवलं!"

आरडाओरडा ऐकून दरवान सबरी वर आला. त्यानं आपल्या परीनं डोकं चालवलं. खाली गॅसवाला गिऱ्हाइकांना कळावं म्हणून सिलिंडरवर पाना बडवत चालला होता, त्याला तो बेलीऐवजी वाजवायला वर घेऊन आला. गॅसवाल्यानं आमच्या दारासमोर असा काही ठणठणाट केला की वरच्या मजल्यावरची माणसं सिलिंडर घेऊन जिन्यात आली.

आतून लुबना म्हणाली, "आम्हाला गॅस नकोय."

फट्! दुसरं अंडं गेलं.

"दार फोडू या," गॅसवाला पाना उगारून म्हणाला.

"लोखंडी आहे ते," सबरी म्हणाला. "साहेबांनीच बसवून घेतलंय. चोर येऊ नये म्हणून."

मावशी म्हणाल्या, "माझ्या बाल्कनीतून तुमच्या बाल्कनीत जाता येईल. हातभर तर अंतर आहे." गॅसवाला बाह्या सरसावायला लागला. पण मी म्हटलं, माझ्या मुलीसाठी परका माणूस उडी मारणार? मी काय मेलोय? आणि मी कठड्यावर चढलो.

तिसरा मजला. खाली बघितलं आणि कठडा दोन्ही हातांनी घट्ट धरला. तरी एक पाय पलीकडे टाकला. दुसरा टाकणार, तोच पायजमा कपडे वाळत घालायच्या लोखंडी आकड्यात अडकला. पुढे जाता येईना, मागे येता येईना! मी दोन बाल्कन्यांच्या मधे, पतंग तारेला अडकावा तसा. पायजमा टर्रर्र!

खालून पेरूवाला ओरडला, "चोर! चोर!"

सबरी वरून ओरडला, "चोर नाही! बाप आहे!"

"मग तिथं काय करतोय?"

"मुलीला शाळेसाठी तयार करतोय!"

रस्ता थांबला. पेरूवाल्यानं गाडी सोडली. कोणीतरी मुलाला खांद्यावर घेतलं, नीट दिसावं म्हणून.

आणि या गर्दीतून नगवा आली. तिनं वर बघितलं. ती जिना चढून गेली, आणि लटकल्या जागेवरून मला आमच्याच बाल्कनीच्या दारातून ऐकू आलं,

"लुबना, मी आले गं. शाळा सुटली."

कडी वाजली. दार उघडलं. इतकंच!

नगवानं गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या, मुलीला पोटाशी धरलं आणि मग बाल्कनीत येऊन आकड्यातून माझा पायजमा सोडवला. मी आत पडलो.

"हिला का उघडलंस? बेल कुठे वाजली होती?" मी लुबनाला विचारलं.

लुबना माझ्याकडे कीवेनं बघत म्हणाली, "आई न्यायला आली की शाळा सुटतेच, बाबा."

घड्याळात साडेदहा. नळाला पाणी नाही, कारण पंप विजेवर. फेस कोरड्या टॉवेलनं पुसला आणि निघालो. एक गाल गुळगुळीत, एक गाल काटेरी, कोपरं सोललेली.

मुख्याध्यापिका मिर्वतबाई चष्म्यावरून बघत होत्या. लुबनानं नाव सांगितलं, आजोबांपर्यंत. रंग सांगितले. वीसपर्यंत मोजलं. बुटाचा पट्टा काढून लावून दाखवला. मी नगवाला हळूच कोपर मारलं. तिनं जोरात परत मारलं, नेमकं सोललेल्या जागी.

"शाबास! आणि बाबा काय करतात?" बाईंनी विचारलं.

"दाराबाहेर उभे राहून ओरडतात," लुबना म्हणाली.

"अस्सं? रोज?"

"रोज उभे राहतात. ओरडले आजच. मग लटकले."

बाईंनी लेखणी खाली ठेवली. मी घाईनं म्हणालो, "बाई, त्याचं असं आहे, माझी एक पद्धत आहे. मुलाला आईबापापासून दूर राहायची सवय..."

"ती हिला आहे," बाई म्हणाल्या. माझ्या दोन्ही गालांकडे आळीपाळीनं बघत त्यांनी विचारलं, "तुम्हाला आहे का?"

नगवा खोकल्याच्या निमित्तानं हसली. मी म्हणे लालबुंद झालो होतो. एका गालानं, असं ती सांगते. दुसरा दिसत नव्हता.

चार दिवसांनी शाळेचं पत्र आलं. लुबनाला प्रवेश मिळाला! खाली हातानं एक ओळ लिहिली होती : मुलीला सोडायला व न्यायला कृपया आईनंच यावं.

तेव्हापासून नगवाच जाते. लुबना फाटकातून आत पळते, मागे वळूनही बघत नाही म्हणे. कचेरीत सगळे विचारतात, "काय रअफत, तू नाही जात सोडायला?" मी सांगतो, नगवाचं दुकान शाळेच्या वाटेवरच आहे ना, तिलाच सोयीचं पडतं.

दुकान शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे. हे आपल्यातच राहू द्या.