ठमाबाईंचा पाय आणि चाकावरचं यंत्र

यंत्र कशासाठी बनवायचं हे कारखान्यात ठरतं. ते कशासाठी वापरायचं हे गिऱ्हाईक ठरवतं. या नियमाला बारामती तालुक्यात अपवाद आढळलेला नाही. इंदापूरचा अहवाल यायचा आहे.

सत्त्याण्णव साली आमच्या इस्पितळातले भूलतज्ज्ञ डॉ. दीपक यांच्या डोक्यात एक खूळ शिरलं. सोनोग्राफीचं यंत्र ढकलत थेट खाटेपाशी न्यायचं, पडद्यावर नस हुडकायची, तिच्याशेजारी सुईनं औषध सोडायचं आणि दुखणारा पाय बधिर करायचा. (परदेशात करतात म्हणे. तिकडच्यांना पायाची फार हौस.) यंत्रावर कायद्याची पाटी होती, ‘गर्भाचे लिंग सांगितले जाणार नाही.’ त्यामुळे यंत्राला ते दिसतं, याची जनतेला लेखी हमीच मिळाली. पहिल्या आठवड्यातल्या नव्व्याण्णव टक्के चौकशा त्याच विषयावर होत्या. उरलेल्या इसमाला त्यावर क्रिकेट दिसतं का, एवढंच हवं होतं.

अशात कळसहून ठमाबाई आल्या. बांधावरून घसरून खुब्याचं हाड मोडलेलं. चादर हलली तरी किंचाळायच्या. सोबत नवरा आबाजी आणि चौथा महिना लागलेली सून विजयमाला. सुनेच्या पदरी दोन मुली. (धाकटी नकोशी. नाव ठेवताना घरात एकमत होतं.)

डॉक्टरांनी यंत्र आणताच आबाजींनी सुनेला पुढं केलं.

“आबा, हे काकूंच्या पायासाठी आहे,” डॉक्टर म्हणाले.

“पाय मोडलाय, ते समद्यांना दिसतंय. त्यात काय बघायचं? दिसत न्हाय ते बघा की!”

युक्तिवाद बिनतोड होता. डॉक्टरांनी तरीही नकार दिला. तेव्हा आबाजींनी समंजस तोडगा काढला. आधी सुनेचं पोट, मग बायकोचा पाय. तोवर संमतीच्या कागदावर सही नाही. वाटाघाटी चालू असताना ठमाबाई मध्येमध्ये ओरडून व्यत्यय आणत होत्या. मला आबाजींचा भयंकर संताप आला, पण इस्पितळाच्या कारकुनाला संतापाचा रकाना नसतो.

विजयमाला उठली. तिनं माझ्या टेबलावरचं शाईचं पॅड उचललं आणि सासूपाशी गेली.

“आत्याबाई, पाय तुमचा हाय. अंगठा बी तुमचाच हाय. उठवा.”

ठमाबाईंनी उठवला.

“आन पोट दाखवाया मी कुठंबी झोपायची न्हाय,” ती सासऱ्यांकडं न बघता म्हणाली.

सुई गेली. हळूहळू ओरडणं थांबलं. ठमाबाईंनी डोळे उघडले, पाय खरंच दुखत नाही याची खात्री करून घेतली आणि मायेनं डॉक्टरांचा हात धरला.

“गुणाचं लेकरू! आता सुनंचं बी बघ की.”

विजयमालानं त्यांच्या अंगावर चादर ओढली.

पुढं ती बाळंत झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. ठमाबाई काठी टेकत चालतात. हकीकत पूर्ण झाली. तरी तुमचं समाधान झालेलं नाही. बाळ सुखरूप आहे म्हटल्यावरसुद्धा एक प्रश्न तुमच्या ओठांवर अडलाय, आणि तो मला यंत्र न लावताच दिसतोय.