तीन डोलकाठ्या आणि एक दाढ

वस्तू निवडण्यात माझा हात धरणारा माणूस अजून जन्माला यायचाय. पंखा असो की पायपुसणं, मी आधी अभ्यास करतो, मगच दुकानाची पायरी चढतो. त्यामुळे लाकडी जहाज बांधायचा पहिलावहिला संच घ्यायचं ठरलं, तेव्हा पंधरा दिवस मी दुसरं काही वाचलं नाही. कचेरीत आवक-जावक टपालाच्या नोंदवहीखाली दुसरी वही ठेवून टिपणं काढली. सार असं निघालं की नवख्यानं छोटी होडी घ्यावी. एक डोलकाठी, फार तर दोन शिडं, हाताला लागतील एवढे मोठे भाग. तीन डोलकाठ्यांच्या युद्धनौकेच्या वाटेला अजिबात जाऊ नये. तसले संच अर्धवट बांधून माळ्यावर जातात आणि तिथून परत येत नाहीत. हे वाक्य मी लाल शाईनं अधोरेखित केलं होतं.

बायकोनं एवढंच विचारलं, की आधी मोरीच्या दाराची कडी बसवून हात बसवून घेता का. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

दुकान बोळकांडीएवढं, पण खोके थेट छतापर्यंत. चष्मा कपाळावर चढवलेला दुकानदार फोनवर कुणाशी तरी खिळ्यांवरून हुज्जत घालत होता. गल्ल्यासमोर करड्या केसांच्या एक बाई दोन खोके पुढ्यात घेऊन गोंधळून उभ्या होत्या. मी सहज पाहिलं, तर त्यांनी आपणहून सांगितलं, की मी अगदी नवखी आहे, मला यातलं ओ की ठो कळत नाही.

आता असं कुणी म्हणाल्यावर माझ्यासारख्यानं गप्प कसं बसायचं? पंधरा दिवसांचा अभ्यास मी दहा मिनिटांत ओतला. बाईंनी इतक्या लक्षपूर्वक ऐकलं की मला स्वतःबद्दल नवाच आदर वाटायला लागला. शेवटी मासेमारीच्या होडीचा खोका मीच त्यांच्या हातात दिला. तो देऊन झाल्यावर लक्षात आलं, की मी जो घ्यायला आलो होतो तो हाच, आणि दुकानात तो एकच होता.

"तुम्ही आत्तापर्यंत किती बांधलीत?" बाईंनी विचारलं.

"दोन," मी म्हणालो.

दोन का म्हणालो, देव जाणे. एक म्हणजे फारच कमी वाटलं आणि तीन म्हणजे बढाई झाली असती. एव्हाना दुकानदाराचा फोन संपला होता. दोन जहाजं बांधलेलं गिऱ्हाईक बघून त्याचा चेहरा असा खुलला, की त्यानं लगेच शिडी लावली आणि सगळ्यात वरच्या फळीवरून एक खोका उतरवला. तीन डोलकाठ्यांची युद्धनौका! बाई कौतुकानं बघत होत्या. त्यांच्यासमोर मी नाही कसं म्हणणार? परतीच्या वाटेवर रिक्षात खोका ऐसपैस बसला आणि मी त्याच्याखाली.

घरी टेबलावर तो उघडला, तेव्हा आतून अकराशे भाग निघाले आणि चार भाषांतलं माहितीपत्रक निघालं. त्या चारांपैकी मला येणारी एकही नव्हती. जहाजाचा कणा आणि फासळ्या कशाबशा चिकटल्या. मग त्या फासळ्यांवर लाकडाच्या पातळ पट्ट्या वाकवून बसवायच्या. पहिली पट्टी काडकन मोडली. दुसरीही. तिसरी आणि चौथी मोडल्यावर बायकोनं पेपरमधून मान वर न करता विचारलं, की सरपण करायला घेतलंय का. पाचव्या पट्टीला मी इरेला पेटलो. दोन्ही हात अडकलेले, म्हणून तिचं तिसरं टोक दातांत धरलं. पट्टीला तिसरं टोक नसतं हे कबूल, पण त्या वेळी तसं वाटलं खरं. जोर लावला आणि काड् असा आवाज झाला. पट्टी शाबूत होती. दाढ गेली होती.

बायकोनं जवळच्या दंतवैद्याकडे वेळ घेतली. मी खुर्चीत आडवा झालो, दिवा डोळ्यांवर आला, आणि मास्क लावलेला एक चेहरा वरून वाकला. केस करडे होते.

"अहो, तुम्ही!" डॉक्टरीणबाईंना कोण आनंद झाला.

रूट कॅनाल निघालं. तीन खेपा. पहिल्याच खेपेला, माझ्या तोंडात बोळे, नळी आणि त्यांची दोन बोटं असताना, त्यांनी शंका विचारली. होडीच्या नाकाशी पट्ट्या वाकत नाहीत, मोडतात, काय करावं? मला फक्त "हळू" म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "अऊ."

"ऊन? ऊन पाण्यात भिजवायच्या? बरोबर, तसंच असणार."

दुसऱ्या खेपेला त्यांनी विचारलं, की वाकवलेली पट्टी वाळताना सुटून येते, तिचं काय? त्यांनी लावलेल्या कसल्याशा चापानं माझ्या गालाला चिमटा बसत होता. मी तेच सांगायचा प्रयत्न केला. "चिमटा लावून ठेवायची," त्या स्वतःशीच म्हणाल्या आणि मान डोलावली.

गंमत म्हणजे घरी येऊन मी पट्टी ऊन पाण्यात भिजवली, वाकवली, वर कपड्यांचे चिमटे लावले. बसली की! आयुष्यात पहिल्यांदा माझा सल्ला मला लागू पडला.

पण त्या दुसऱ्या खेपेला निघतानाच बाईंनी बॉम्ब टाकला होता. येत्या रविवारी त्या माझी आधीची दोन जहाजं बघायला घरी येणार होत्या. बाहेर बाकावर बसलेल्या बायकोनं ते ऐकलं. घराचं कुलूप काढताना ती म्हणाली, "कोणती दोन?"

मी हकिकत सांगितली. तिचं म्हणणं, सरळ खरं सांगून टाका. माझं म्हणणं, एवढी घाई कशाला. मी दुकानदाराला फोन लावून, शोकेसमधली दोन जहाजं एका रविवारपुरती उसनी मिळतील का, असं आडून आडून विचारलं. तो इतका वेळ हसला की फोन मीच ठेवला.

तिसऱ्या खेपेला मी खुर्चीत बसलो आणि बोळे तोंडात जायच्या आत बोलून टाकलं. "बाई, मी एकही जहाज बांधलेलं नाही."

त्या शांतपणे हातमोजे चढवत होत्या. "माहीत आहे. दुकानातच कळलं. ज्यानं दोन जहाजं बांधलीत तो एवढी पुस्तकी माहिती सांगत नसणार. तो आपली कापलेली बोटं दाखवेल."

"मग ते ऊन पाणी? ते चिमटे?"

"माझ्या होडीच्या पत्रकात सगळं चित्रांसकट आहे. तुमच्या दाढेत लाकडाची कुसळं निघाली, तेव्हाच कळलं, पट्ट्या तुमच्याही मोडतायत. तुम्हाला कुणीतरी सांगायला हवं होतं आणि तुम्ही तर विचारणार नव्हतात." त्यांनी दिवा खाली ओढला. "शिवाय थाप जुळवत असलेला पेशंट अजिबात हलत नाही. दोन्ही खेपांना तुम्हाला जास्तीचं इंजेक्शन लागलं नाही. आता तोंड उघडा."

इतकी लाज वाटत असताना दाढेवर टोपी बसवून घेणं सोपं जातं, हा माझा अनुभव.

रविवारी बाई आल्या, त्या पुरी झालेली होडी घेऊनच. गुळगुळीत, देखणी, शिडाची दोरीन् दोरी जागेवर. त्यांनी ती टेबलावर माझ्या सांगाड्याशेजारी ठेवली. माझ्या सांगाड्यावर तोवर सात पट्ट्या बसल्या होत्या. त्यातली एक उलटी. बायकोनं होडी चारी बाजूंनी बघितली, तोंडभर कौतुक केलं आणि विचारलं, की पहिल्याच खेपेला इतकं नेमकं कसं काय निवडलंत?

बाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. "मी कुठली निवडतेय? यांनीच हातात दिली."

बायकोची नजर होडीवरून माझ्या सांगाड्याकडे आणि तिथून माझ्याकडे वळली. दोघी उत्तराची वाट बघत होत्या. नव्या टोपीनं बोलायला त्रास होतो असं मला कुणीही सांगितलेलं नव्हतं. तरी मी गालावर हात ठेवला आणि आत जाऊन चहाचं आधण ठेवलं.